अर्ध्या तासाची तहकुबी

व्यवस्थापन परिषदेची सभा जवळ आली की लोकांचं माझ्यावरचं प्रेम एकदम उतू जातं. एरवी जिन्यात समोर आल्यावर मान वळवणारे सभासद फोन करतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात आणि मग हळूच विचारतात, "परबबाई, त्या तीन नंबरच्या विषयावर कुलगुरूंची इच्छा काय आहे?" मी सांगते. ते सभेत येतात आणि तीच इच्छा स्वतःचं मत म्हणून मांडतात. त्यामुळे आमच्या साष्टी विद्यापीठात आजवर प्रत्येक ठराव 'सर्वानुमते मंजूर' झालेला आहे. नियमाने सभेचं इतिवृत्त लिहायचं काम कुलसचिवांचं, पण टाइप करणारे हात माझे, आणि ते मी सभेच्या आदल्या दिवशीच टाइप करून ठेवते. सभा नुसती जेवायला भरते.

मी उत्तरा परब, कुलगुरूंची स्वीय सहायक. आतल्या खुर्चीतली माणसं बदलत गेली, मी बाहेरच्या टेबलाशी तशीच आहे. एका कुलगुरूंना फिती कापायचा नाद होता. कापायला नवीन काही उरलं नाही तेव्हा त्यांनी कॅन्टीनच्या पाण्याच्या टाकीचं उद्‌घाटन केलं. दुसरे असं भाषण करायचे की ऐकताना डोळ्यांत पाणी यावं आणि घरी पोहोचेपर्यंत काय ऐकलं तेच आठवू नये. त्यामुळे डॉ. मृणालिनी विजयकर कुलगुरू म्हणून मुलुंडला रुजू झाल्या तेव्हा मी काही हरखून गेले नव्हते. अंधेरीच्या, विषय भूगर्भशास्त्र, आवाज बारीक. हा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणार कसा, एवढीच मला काळजी.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आत बोलावलं. "परबबाई, एक विचारते. कुलगुरूने नेमकं काय करायचं असतं, तुमच्या मते?"

"सह्या," मी म्हटलं. "हार घालून घ्यायचे. आणि सभेत सगळ्यात शेवटी बोलायचं."

"शेवटी का?"

"आधी बोललात तर बाकीच्यांना बोलायला काही उरत नाही ना."

त्या हसल्या. मी गंमत केली होती, पण त्यांनी ते मनात ठेवलं, हे मला पुढे कळलं.

घरी भांडुपला माझ्या सासऱ्यांनीही तेच विचारलं. धाकू परब, वय झालेलं, गिरणी सुटली तरी आवाज तिथल्या साच्यांच्या खडखडाटावर मात करणाराच राहिला. "गो उत्तरा, तुझी ती कुलगुरू म्हणजे नक्की करता तरी काय? शाळेचो हेडमास्तर काय तो?"

"हेडमास्तरांचा हेडमास्तर, मामा. पण हातात छडी नाही."

"मग तेका भिता कोण?"

वाढायला घेतलं आणि विषय तिथेच राहिला.

गणपती उरकले आणि कुलसचिव यज्ञेश तळपदे एक प्रस्ताव घेऊन कुलगुरूंकडे आले. तळपदे म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. वाईट नाही, कामाला वाघ आहे, पण आकडा दिसला की त्यांना माणूस दिसेनासा होतो. त्यांचं म्हणणं, घाटकोपरची सायंशाखा बंद करावी. ती इमारत दिवसाच्या नव्या डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमाला द्यावी आणि सायंशाखेच्या विद्यार्थ्यांना बोरिवलीच्या सकाळच्या कॉलेजात वर्ग करावं.

"हजेरी बघा मॅडम," तळपदे म्हणाले. "अर्धा वर्गसुद्धा भरत नाही. आपण रिकाम्या बाकांना शिकवतोय. ऐनवेळच्या विषयांत घेऊन टाकू, पाच मिनिटांत होईल."

ऐनवेळचे विषय ही आमच्याकडची मोठी सोय आहे. सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. ती ओळ येते तेव्हा शेजारच्या खोलीत जेवण मांडलेलं असतं आणि तळलेल्या सुरमईचा वास सभागृहात शिरलेला असतो. त्या वासापुढे आजवर कोणाचंही तत्त्व टिकलेलं नाही.

"ऐनवेळी नको," कुलगुरू म्हणाल्या. "रीतसर पहिल्यापासून पत्रिकेत घ्या. आणि सभेची जागा आणि वेळ अध्यक्षच ठरवतो ना?"

"हो, पण आजवर मुलुंडलाच..."

"मग ह्या वेळी घाटकोपरला घेऊ. त्याच इमारतीत, संध्याकाळी सहाला. फ्लॅट घेताना माणूस दहा चकरा मारतो, तळपदे. शाखा बंद करायची तर एक चक्कर तरी मारू."

दार उघडं होतं आणि मी बाहेर टेबलाशी बसून ऐकत होते. बोरिवली हा शब्द ऐकला आणि माझं टायपिंग थांबलं.

कारण त्या सायंशाखेत माझी सून आहे. श्वेता, माझ्या किरणची बायको. अंधेरीला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर दिवसभर लोकांच्या बाटल्यांवर नावं चिकटवते. बारावीनंतर तिच्या घरच्यांनी शिक्षण थांबवलं होतं. लग्नानंतर पहिल्या वर्षीच मी तिला घाटकोपरला नेऊन तिचं नाव घातलं. आता दुसरं वर्ष चालू. लॅब सुटली की मेट्रो, मेट्रोतून उतरली की धावत वर्गात. मधे खायला म्हणून थांबत नाही. घरी येते ती चपला काढायच्या आधी पोळीचा डबा उघडते. सकाळचं कॉलेज म्हणजे लॅब तरी सोडायची नाहीतर कॉलेज तरी, आणि आमच्यासारख्या घरात नोकरी सुटत नाही, कॉलेज सुटतं. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझंही तसंच सुटलं होतं.

सभेतलं घरी सांगायचं नाही हा माझा नेम आहे. त्यामुळे त्या संध्याकाळी श्वेता उभ्या उभ्या पोळी खाताना "आई, आज अर्थशास्त्राच्या सरांनी कसलं झकास शिकवलं, माहितीये?" असं म्हणाली, तेव्हा मी नुसतं "खाली बसून खा गं" म्हटलं.

दोन दिवसांनी फोन सुरू झाले. पहिला हर्षदभाईंचा. हर्षदभाई उद्योजकांचे प्रतिनिधी, मुलुंडला कारखाना, मराठी आमच्यापेक्षा चांगलं. "परबबाई, गुडघा कसा आहे? बरं, ते घाटकोपरचं काय? मॅडमची इच्छा काय आहे?"

खरं सांगते, मला मोह झाला. 'मॅडमना शाखा बंद व्हायला नको आहे' एवढं एक वाक्य बोलले असते, तर परिषदेत एक हात विरोधात वर आला नसता. इतिवृत्त मीच टाइप करणार होते. त्यात 'बंद'च्या जागी 'चालू' घालायचं, बस. मॅडमच्या मनात खरं काय आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण ते हर्षदभाईंना कुठे ठाऊक होतं?

"नंतर करते फोन," म्हटलं आणि थेट आत गेले.

"मॅडम, माझी सून त्या सायंशाखेत शिकते. लोक मला तुमची इच्छा विचारतायत. मी काय सांगू?"

विजयकर मॅडमनी चष्मा काढला. "तुम्हाला काय सांगावंसं वाटतंय?"

"माझ्या सोयीचं," मी म्हटलं.

"बरं झालं मला सांगितलंत. तुमच्या सुनेसाठी मी काही करणार नाही, परबबाई. करायचं ठरलं तर सगळ्यांसाठी होईल आणि बंद व्हायचं ठरलं तर तिच्यासाठीही होईल. कोणी विचारलं तर सांगा, मॅडमची इच्छा एवढीच आहे की तुम्ही वेळेवर यावं."

मला राग आला. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, हिला काय, अंधेरीच्या स्वतःच्या घरात राहून तत्त्वं सांगायला सोपं जातं. पण हर्षदभाईंना मी तेच वाक्य सांगितलं. ते एवढे गोंधळले की गुडघ्याचं परत विचारायचं विसरले.

सभेच्या दिवशी तळपदे आणि मी सहाच्या आधीच घाटकोपरला पोहोचलो. इमारत जुनी पण नीटस, दारात लिंबाचं झाड, आत शिरल्याबरोबर भिंतीवर हजेरीचं मशीन. विद्यार्थ्याने अंगठा लावायचा, हिरवा दिवा लागला की हजर. वरच्या मजल्यावर सभेसाठी एक वर्गच मोकळा केला होता. पहिला तास सहाला असतो म्हणून वाटेत बाकीच्या वर्गांत डोकावले तर काय, एका वर्गात चार टाळकी, दुसऱ्यात फळा पुसणारे सर एकटेच. वाट लागली, म्हटलं मनात. मॅडमनी स्वतःहून सगळ्यांना रिकामे बाक दाखवायला बोलावलं होतं.

तळपदेंनी वर्गाकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही बोलले नाहीत. तेवढी सभ्यता त्यांच्यात आहे.

बरोबर सहाला मॅडम आल्या. त्यांच्या मागोमाग प्राचार्य शर्मिष्ठा देवस्थळी आल्या, त्याच डेटा सायन्सच्या अभ्यासक्रमाच्या प्रमुख, स्पष्टवक्त्या बाई. त्यानंतर कोणी येईना. मी जिन्याकडे कान लावून बसले. फोन मात्र धडाधड येऊ लागले. "परबबाई, लिंक रोडला अडकलोय." "परबबाई, रिक्षाच मिळत नाही हो." हर्षदभाई मुलुंडहून निघाले होते आणि विक्रोळीला गाडीत बसून रस्त्याच्या कामाला शिव्या घालत होते.

"गणपूर्ती?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. सभा चालवायला निदान निम्मे सभासद लागतात. इथे तुम्ही आणि देवस्थळी मॅडम."

"मग नियम काय?"

"गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करायची. अर्ध्या तासाने त्याच जागी परत भरवायची. मग कितीही असले तरी चालतात." हा नियम आमच्याकडे सोसायटीच्या सभेपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. वेळेवर येणारा माणूस आपल्याकडे मूर्ख ठरतो तो ह्याच नियमामुळे.

"मग तहकूब," मॅडम म्हणाल्या. "चला, खाली जाऊन येऊ."

देवस्थळी मॅडम वरच थांबल्या, मॅडम आणि मी खाली दाराशी येऊन उभ्या राहिलो. आता पोरं यायला लागली होती. पोरं कसली, माणसंच. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, पाठीवर बॅग, एकीच्या हातात भाजीची पिशवी. आत शिरायची, मशीनकडे एक नजर टाकायची आणि अंगठा न लावताच वर पळायची. एकाने सवयीने अंगठा टेकवला. मशीनवर लाल अक्षरं आली, 'वेळ संपली'.

"हे बंद कधी होतं?" मॅडमनी त्याला विचारलं. तो बिचारा कुलगुरूंना ओळखत नव्हता.

"सव्वासहाला, मॅडम. आपल्याला कधीच भेटत नाही ते. सर वर्गात नाव घेतात ना, मग टेन्शन नाय."

मॅडमनी वळून तळपदेंकडे पाहिलं. तळपदे आमच्या मागे येऊन उभे राहिले होते. सरांची वर्गातली हजेरी विद्यापीठापर्यंत येतच नाही, येते ती मशीनची, हे त्या दारात उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. तळपदेंच्या कपाळावर घाम दिसला, आणि कडक इस्त्रीच्या माणसाला घाम येताना मी तरी प्रथमच पाहत होते.

तेवढ्यात श्वेता आली. धापा टाकत, केस विस्कटलेले. मला बघून थबकली. "आई? तुम्ही इथे कशा?"

मॅडम माझ्या शेजारी उभ्या. 'हीच माझी सून' हे तीन शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण मग पुढे जे काही होईल ते तिच्यासाठी झालं की सगळ्यांसाठी, हे कोणालाच कळलं नसतं, मलासुद्धा. "कामाला आलेय," मी म्हटलं. "तू जा वर्गात, सर आले असतील." ती गेली. नंतर जिना चढताना फक्त म्हणाल्या, "'आई' म्हणाली ती तुम्हाला." आणि पुढे चढत राहिल्या. माझा त्यांच्यावरचा राग तिथेच उतरला.

श्वेताच्या मागोमाग, जवळजवळ तिला धक्का देतच, हर्षदभाई शिरले होते. त्यांच्यामागून बाकीचे सभासद एकेक करून आले, घामाघूम, प्रत्येकाच्या तोंडी रस्त्याचं गाऱ्हाणं. अर्ध्या तासाने सभा भरली तेव्हा जागा पुरेनात. परिषदेची प्रतिष्ठित मंडळी विद्यार्थ्यांच्या बाकांवर दाटीवाटीने बसली. शेजारच्या वर्गातून शिकवण्याचा आवाज येत होता आणि जिन्यावरची पावलं थांबत नव्हती.

किरकोळ विषय झाल्यावर घाटकोपरचा विषय आला. तळपदेंनी प्रस्ताव वाचला, हजेरीचे आकडे वाचले. आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मग देवस्थळी मॅडम बोलल्या, आणि चांगल्या बोलल्या. नव्या अभ्यासक्रमाला जागा नाही, प्रयोगशाळा रात्री आठपर्यंत चालवाव्या लागतील, दोन्ही शाखा एका इमारतीत मावणार नाहीत. एकही शब्द खोटा नव्हता. बाकीचे सगळे कुलगुरूंच्या तोंडाकडे बघत होते, इच्छा कळली तर बरं म्हणून. कुलगुरू गप्प. शेवटी बोलायचं ते त्यांनी खरंच शेवटासाठी ठेवलं होतं.

कोणीच बोलेना तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "परबबाई, सहा वाजता सभेला कोण कोण हजर होतं? जरा वाचून दाखवा."

मी उभी राहिले. "कुलगुरू आणि प्राचार्य देवस्थळी. कुलसचिव होते. मीही होते, पण मला कोण मोजतंय."

बाकांवर हालचाल झाली.

"सव्वासहाला?"

"तेवढेच."

"खालचं मशीन सव्वासहाला बंद होतं," मॅडम त्याच बारीक आवाजात म्हणाल्या, आणि वर्ग असा चिडीचूप होता की तो शेवटच्या बाकापर्यंत पोहोचला. "त्या हिशेबाने आज परिषदेची हजेरी सायंशाखेपेक्षा कमी भरली. मग मी परिषद बंद करून तुम्हाला बोरिवलीला वर्ग करू का? आपण कुठून आलात? मुलुंड, पवई, वाकोला. ही मुलंही तिथूनच येतात, त्याच रस्त्याने, दिवसभर काम करून. आपल्याला उशीर झाला तर नियम अर्धा तास थांबतो. त्यांच्यासाठी कोणी थांबत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे. आता ठरवा तुम्ही."

पहिले हर्षदभाई हसले. "मॅडम, मघाशी दारात मी एका मुलीला ढकलून आत आलो. तिची गैरहजेरी लागली आणि मला आता जेवण मिळणार."

मग तळपदे उभे राहिले. "मशीनची वेळ मी ठरवली होती," ते म्हणाले. "सकाळच्या शाखेचा नियम होता, पहिला तास सुरू झाल्यावर पंधरा मिनिटं. तोच इकडे लावला. ही माणसं सुटतात कधी, हे मी बघायला हवं होतं." एवढं बोलून ते खाली बसले. त्या माणसाबद्दल मी आजवर जे जे बोलले आहे त्यातलं निम्मं मी तिथल्या तिथे मागे घेतलं.

ठराव मांडला गेला. शाखा चालू ठेवायची, सोमवारपासून पहिला तास सातला सुरू करायचा, मशीन साडेसातपर्यंत उघडं ठेवायचं, आणि वर्षाने खरी हजेरी बघून पुन्हा विचार करायचा. मॅडम म्हणाल्या, मत घेऊ, हात वर करा. आता पंचाईत आली. आमच्या परिषदेत हात वर करायची वेळच कधी आली नव्हती. कोणी पूर्ण हात वर केला, कोणी शाळेतल्यासारखं बोट, आणि एक गृहस्थ दोन्ही हात वर करून बसले. एकट्या देवस्थळी मॅडमनी विरोधात हात उचलला.

"त्यांचा विरोध कारणांसह नोंदवा," कुलगुरूंनी मला सांगितलं. "आणि त्यांच्या प्रयोगशाळेच्या जागेचा विषय पुढच्या सभेत पहिला घ्या. त्यांचं म्हणणं खरं आहे, ते अजून सुटलेलं नाही."

देवस्थळी मॅडमनी हरल्यासारखा चेहरा केला नाही. उलट माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "नीट लिहा हं. माझा विरोध पहिल्यांदाच कोणीतरी लिहून घेतंय."

माझ्या पिशवीत आदल्या दिवशी टाइप केलेले कागद होते. 'सायंशाखा बंद करण्यास सर्वानुमते मंजुरी.' मी ते उभे-आडवे फाडले आणि कोऱ्या कागदावर हाताने 'बहुमताने' असं लिहिलं. माझ्या नोकरीत हा शब्द मी कधी लिहिला नव्हता. मामांना उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते आता माझ्याकडे होतं. भीत कोणी नाही. पण ती सगळ्यांना एका जागी आणून बसवते आणि आपल्याच डोळ्यांनी बघायला लावते. कुलगुरूचं काम म्हणजे हेच असावं.

जेवण उरकून सगळे गेले आणि मी खाली लिंबाखाली श्वेताची वाट बघत थांबले. वर्ग सुटला. ती मैत्रिणींना हात करून माझ्याजवळ आली आणि कुजबुजली, "आई, वर्गात सगळे बोलत होते. शाखा बंद होणार म्हणे. खरं काय?" तिचा चेहरा एवढासा झाला होता. भरलेल्या डोळ्यांनी ती माझ्याकडे बघत होती आणि मला तिला जवळ घ्यावंसं वाटत होतं.

पण नेम म्हणजे नेम. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत सभेतलं बाहेर सांगता येत नाही, आणि ह्या वेळी तर मी तो मोडणार नव्हतेच.

"मी काही सांगू शकत नाही," मी म्हटलं.

ती मान खाली घालून चालू लागली. आम्ही स्टेशनकडे निघालो. कोपऱ्यावर वडापावची गाडी होती, तेलाचा वास येत होता, आणि ती त्या गाडीकडे न बघता पुढे निघाली, जशी रोज निघत असणार. मी तिचा हात धरून तिला थांबवलं.

"श्वेता, सभेचं मी काही बोलणार नाही. पण एक सांगते. सोमवारपासून मेट्रोतून उतरलीस की धावत जाऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे इथे थांब, वडापाव खा, आणि मग सावकाश वर्गात जा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला समजलं. ती भर रस्त्यात माझ्या खांद्यावर डोकं टेकवून रडली, आणि मी गाडीवाल्याला दोन वडापाव सांगितले.